शाईचं निव्वळ वजन

ज्या माणसानं चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली, ज्याच्या चपलांचा आवाज ऐकून अख्खा बाजार आपापली पारडी पुसायला लागायचा, त्या माणसाला पन्नास ग्रॅमच्या एका प्लास्टिकच्या डबीनं गंडवावं, ही गोष्ट ज्याला विनोदी वाटत असेल त्यानं आधी आपल्या घरातला प्रिंटर चालू करून बघावा आणि मगच हसावं.

बाजारात त्यांना ग्रॅमसाहेब म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण साहेबांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. किलोमागे पाच ग्रॅम कमी भरले तरी त्यांच्या कपाळावर आठी चढायची. निवृत्त होताना खात्यानं शाल-नारळ दिला तेव्हा तिथंही त्यांनी नारळ कानाशी हलवून पाहिला होता. घरी त्यांच्या कपाटात एक पितळी तराजू, मखमली खोबणीत बसवलेली वजनं आणि शिसं-तारेचं सील मारायची पक्कड अजून जपून ठेवलेली होती.

या गोष्टीला सुरुवात झाली ती त्यांच्या बायकोच्या पुस्तकानं. बाई अडतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी वहीत लिहायला घेतलं आणि बघता बघता वॉर्डातल्या आठवणींची तीस टाइप केलेली पानं झाली. येत्या रविवारी त्यांच्या जुन्या मैत्रिणी घरी जमणार होत्या. एकोणीस सिस्टर आणि त्यांच्या मेट्रनबाई. मेट्रनबाई आता नव्वदीच्या घरात होत्या, नजर अधू झालेली, आणि मुलगा त्यांना पुढच्याच आठवड्यात आपल्याकडे कायमचं घेऊन जाणार होता. म्हणजे भेटायचं ते आत्ताच. बाईंच्या मनात होतं, प्रत्येकीच्या हातात एक प्रत ठेवावी. मेट्रनबाईंना वाचता यावं म्हणून अक्षरं मुद्दाम मोठी ठेवली होती.

"कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा ना," बाई म्हणाल्या.

"तो लुटतो," साहेब म्हणाले.

तो लुटत नव्हता. खरं कारण निराळंच होतं. झेरॉक्सचं ते दुकान अकरा वर्षांपूर्वी किराण्याचं होतं, आणि आताच्या मालकाच्या वडिलांचा काटा साहेबांनी भर बाजारात जप्त केला होता. पारड्याखाली मेणाचा गोळा, सात ग्रॅमचा. दंड झाला, बोभाटा झाला, पुढे म्हाताऱ्यानं किराणा बंद केला आणि मुलानं तिथं झेरॉक्सचं यंत्र टाकलं. तेव्हापासून साहेब त्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायचे. आपलं काहीच चुकलेलं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरीही ओलांडायचे.

"मी देतो छापून," ते म्हणाले. "घरच्या घरी. वीसच्या वीस." बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोसाठी आपणहून काहीतरी करतो म्हणण्याची ही तिसरी वेळ होती, त्यामुळे आता मागे फिरायची सोय नव्हती.

इथं मेहुणे आले. बाईंचे धाकटे भाऊ. ज्या वस्तूवर 'नवीन' असं लिहिलेलं असेल ती घेणारे.

"भावोजी, प्रिंटर घ्या. हल्ली फुकटात देतात जवळजवळ. आणि शाईची योजना घ्यायची. पहिला महिना शाई फुकट, सातशे पानं! आपली सहाशे. छापायची आणि योजना बंद करून टाकायची. कंपनी बसेल बोंबलत."

"फुकट हे माप नाही," साहेब म्हणाले. हे वाक्य ते नोकरीत असताना व्यापाऱ्यांना ऐकवत. पण सहाशे पानं, शून्य पैसे, हा हिशेब त्यांनाही गुदगुल्या करून गेला. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडणाऱ्या माणसाला स्वतः एकदा थोडीशी करून बघायची इच्छा असतेच.

मंगळवारी प्रिंटर आला, आत योजनेच्या शाईची डबी बसवलेलीच. दुपारपर्यंत मेट्रनबाईंची मोठ्या अक्षरातली प्रत छापून झालीसुद्धा. काळीभोर, सुबक अक्षरं. बाईंनी पानावरून हात फिरवला. साहेबांना एवढा अभिमान वाटला की त्यांनी ती प्रत तराजूवर ठेवून वजनही करून पाहिलं. एकशे बेचाळीस ग्रॅम.

आणि मग त्यांनी ती चूक केली. साहेब हे वीजबिल ज्या दिवशी येईल त्याच दिवशी भरणारे गृहस्थ. योजना महिनाअखेरीस बंद करायची, म्हणजे ती लक्षात ठेवायची, आणि माणसाच्या विसरण्यावरच या कंपन्या गब्बर होतात हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. तेव्हा चहा व्हायच्या आत त्यांनी योजना बंद करून टाकली. ते काही सोपं नव्हतं. आधी संगणकाच्या पडद्यावर एक रडवेला चेहरा आला आणि 'तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं' असं म्हणाला. चौतीस वर्षांनी निवृत्त झालो तेव्हा खात्यालासुद्धा वाईट वाटलं नव्हतं, साहेबांच्या मनात आलं. मग कारण विचारलं. मग कमी दरात राहता का विचारलं. मग पुन्हा एकदा विचारलं. सातव्या वेळी 'हो, नक्की' म्हटल्यावर त्या चेहऱ्यानं साहेबांना सोडलं.

चहा पिऊन त्यांनी दुसरी प्रत छापायला घेतली. प्रिंटरनं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली. 'आपली योजना बंद आहे. ही शाई आता वापरता येणार नाही.'

साहेबांनी झाकण उघडून बघितलं. डबी जागच्या जागी होती. शाई पारदर्शक खिडकीतून डुचमळताना दिसत होती. भरलेली होती, त्यांच्या घरात होती, त्यांच्या टेबलावर होती, आणि वापरता येणार नव्हती.

"म्हणजे दूध घरात आणि मांजर कंपनीत!" साहेब ओरडले.

बुधवारी ते बाजारात जाऊन स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या मालकीची, कुठलीही योजना नसलेली डबी घेऊन आले. तिची किंमत प्रिंटरपेक्षा जास्त होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्या कुणी रचली त्याच्या काळात प्रिंटर नव्हते, तरी त्याला सगळं आधीच दिसलं होतं. साहेबांनी दात-ओठ खाल्ले, पण रविवार जवळ आला होता. सवयीप्रमाणे त्यांनी डबी यंत्रात घालण्याआधी तराजूत घातली. बावन्न ग्रॅम. वेष्टनावर लिहिलं होतं, 'आत शाई दहा ग्रॅम'. त्यांनी दोन्ही आकडे वहीत टिपून ठेवले.

चार प्रती झाल्या. पाचवीच्या नवव्या पानावर यंत्र थांबलं. 'शाई संपली.'

आता इथं शेजारचे बँकवाले आले. हे बँकेतून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही बाबतीत सल्ला द्यायला कधीच निवृत्त झाले नव्हते.

"डबी हलवा," ते म्हणाले. साहेबांनी हलवली. दोन पानं आली.

"उन्हात ठेवा." ठेवली. आणखी एक पान आलं, तेही अर्धंच.

"फुंकर घाला." साहेबांनी फुंकर घातली. यंत्र म्हणालं, 'शाई संपली.'

साहेबांनी डबी काढून पुन्हा तराजूत ठेवली. सेहेचाळीस ग्रॅम. त्यांनी चष्मा पुसला, वजनं बदलली, पुन्हा मोजलं. सेहेचाळीसच.

"सहा गेले," ते हळूच म्हणाले. "दहातले सहा. चार ग्रॅम आत आहेत."

"नसतील हो. लेबलावर लिहिलेलं काय खरं असतं?"

"तेच तर सिद्ध करायचंय," साहेब म्हणाले, आणि निवृत्तीनंतर दिसली नव्हती ती चमक त्यांच्या डोळ्यांत आली.

निव्वळ वजन काढायचं तर रिकाम्या भांड्याचं वजन हवं, हा खात्याचा पहिला नियम. म्हणजे डबी उघडून, धुऊन, वाळवून मोजायला हवी. गुरुवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं गेलं. बँकवाल्यांना पंच म्हणून बसवलं. दुसरा पंच हवा म्हणून मेहुण्यांना बोलावलं. साहेबांनी कागदावर रीतसर मथळा लिहिला, तारीख घातली, वेळ घातली आणि डबीच्या सांध्यात सुरी घालून दाबली.

डबी सहजासहजी उघडायची नाही, अशीच ती बनवलेली होती. साहेबांनी जोर लावला. बँकवाले म्हणाले, "थोडं तिरकं धरा." साहेबांनी तिरकं धरलं. फट्‌ असा आवाज झाला.

चार ग्रॅम म्हणजे किती, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्यानं त्या खोलीत असायला हवं होतं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे जी शाई संपलेली होती, तिनं साहेबांचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे केले, त्यांचा सदरा रंगवला, बँकवाल्यांच्या टकलावर नक्षी काढली, पंचनाम्याचा कागद बुडवला, पुसायला घेतलेले दोन पंचे नासवले आणि उरलेली टेबलाच्या कडेवरून ओघळत खुर्चीवर ठेवलेल्या मेट्रनबाईंच्या प्रतीवर जाऊन पडली. मोठ्या अक्षरातली, एकशे बेचाळीस ग्रॅमची ती प्रत पहिल्या पानापासून विसाव्यापर्यंत काळी झाली.

बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी टेबल पाहिलं, भिंत पाहिली, मग प्रत उचलली.  इस्पितळात अडतीस वर्षं काढलेल्या बाईला सांडलेलं पुसायला कुणी शिकवायला नको. त्यांनी फडकं आणलं.  ओरडल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं.

"पण शाई होती!" साहेब काळे हात नाचवत म्हणाले. "बघितलंस ना? होती!"

"होती," बाई म्हणाल्या. "आता आपल्या भिंतीवर आहे."

डबी वाळल्यावर बेचाळीस ग्रॅम भरली. म्हणजे साहेबांचा हिशेब कणभरही चुकलेला नव्हता. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? बँकवाल्यांनी शेवटचा सल्ला दिला की डबीखाली धरलेल्या वाटीत जमलेली थोडी शाई डबीत घालून, चिकटपट्टी लावून बघावी, आणि साहेबांनी दमलेल्या मनानं तेही केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. 'छेडछाड आढळली. यंत्र बंद करण्यात आलं आहे.' त्यानंतर ते यंत्र छापेना आणि साध्या कागदाची नक्कलही काढेना. चौतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांची छेडछाड पकडली, त्याला एका यंत्रानं त्याच्याच घरात त्याच आरोपाखाली पकडलं.

शुक्रवारी साहेबांनी कंपनीला फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' असं एक आवाज पंचवीस मिनिटं सांगत राहिला. महत्त्वाच्या माणसाला एवढा वेळ दारात उभं करायची पद्धत साहेबांना ठाऊक नव्हती. मग एक मुलगी आली. फार गोड बोलायची.

"सर, योजनेत तुम्ही शाई विकत घेत नाही, पानं विकत घेता."

"मग शाई कुणाची?"

"कंपनीची, सर."

"मग ती माझ्या घरात काय करते?"

"सेवेत आहे, सर."

"सेवेत मीही होतो बाई, पण मला कुणी दुरून बंद करू शकत नव्हतं! बरं, ते सोडा. बाजारातून आणलेली डबी तर माझी होती ना? तिच्यातले चार ग्रॅम?"

"ते छपाईच्या दर्जासाठी राखून ठेवलेले असतात."

"माझ्या पैशांनी?"

"हो, सर."

"वाण्यानं मला किलोचे पैसे घेऊन सहाशे ग्रॅम साखर दिली आणि चारशे पोत्याच्या दर्जासाठी राखून ठेवली, तर मी त्याला काय करीन माहीत आहे?"

"माहीत नाही, सर."

"पंचनामा!"

 मग ती मुलगी एकदम हळू आवाजात म्हणाली, "काका, एक सांगू? माझ्याकडेपण तोच प्रिंटर आहे. कामावरून मिळाला. आम्ही त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतो." आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात, "आपल्याला आणखी काही मदत करू शकते का, सर?"

नवी योजना घेता येईल का, असं विचारायची वेळ साहेबांवर आली. तेही त्यांनी विचारलं. बायकोसाठी माणूस कुठपर्यंत वाकतो बघा. पण छेडछाडीची नोंद असल्यामुळे त्यांचं खातं तीस दिवस गोठवलेलं होतं. रविवार दोन दिवसांवर होता. साहेबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ आपल्या काळ्या हातांकडे बघत बसले. साबण, रॉकेल, लिंबू, सगळं करून झालं होतं. संपलेली शाई निघता निघत नव्हती.

शनिवारी सकाळी त्यांनी बाईंची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, हात खिशात घातले आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा रस्ता न ओलांडता सरळ चालत गेले.

दुकानात मुलगा यंत्रापाशी होता. म्हातारा वाणी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसला होता, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यानं मान वर केली.

"या ग्रॅमसाहेब," तो म्हणाला. तोंडावर म्हणणारा हा पहिलाच.

साहेबांनी काम सांगितलं. चार प्रती घरी झाल्या होत्या, सोळा हव्या होत्या. पेनड्राइव्ह द्यायला हात खिशातून बाहेर काढावा लागला. म्हाताऱ्यानं हाताकडे बघितलं, आणि साहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी उभ्या उभ्या सगळी हकिगत सांगून टाकली. योजना, डबी, दहातले सहा, चार ग्रॅम, फट्‌, भिंत. म्हातारा मन लावून ऐकत होता. चार ग्रॅमपाशी त्यानं पुन्हा सांगायला लावलं.

"दहात चार?" तो म्हणाला. "आणि काटा कुठाय त्यांचा?"

"काटा नाहीच. यंत्र सांगेल ते खरं."

म्हातारा खुर्चीत मागे रेलला. "साहेब, मी किलोत सात ग्रॅम मारत होतो. चूक होती. दंड भरला, गावात तोंड लपवलं. पण आम्ही निदान तागडी गिऱ्हाईकासमोर धरायचो हो. बघणाऱ्याला दिसायचं. तुमच्यासारखा एखादा येऊन पारडं उलटं करू शकायचा."

साहेबांनी मान डोलावली.

"काटा चांगला होता माझा," म्हातारा म्हणाला.

"नियमानं मोडावा लागतो," साहेब म्हणाले. आणि जरा वेळानं, "चांगला होता. मलाही वाईट वाटलं होतं."

मुलानं यंत्र सुरू केलं. पानं भराभर यायला लागली. म्हाताऱ्यानं पहिली प्रत ओढून घेतली आणि वाचायला लागला. मध्येच खुसखुसला, मध्येच चष्मा काढून डोळे पुसले. एका पानापाशी तो थांबला आणि साहेबांकडे बघतच राहिला.

"हे वाचलंत तुम्ही?"

साहेबांना पानं किती, प्रती किती, एका प्रतीचं वजन किती, सगळं तोंडपाठ होतं. वाचलं मात्र नव्हतं. आठवडाभर त्या मजकुराभोवती एवढी धावपळ केली, पण एक ओळ वाचायला सवड झाली नव्हती. त्यांनी खजील होऊन नकारार्थी मान हलवली.

"बाविसावं पान," म्हातारा म्हणाला आणि त्यानं ते पुढं केलं.

बाईंनी लिहिलं होतं, 'रात्रपाळी संपवून आले की चहा तयार असायचा. 'दमलीस का' असं त्यांनी कधी विचारलं नाही, त्यांना ते जमतच नाही. पण कप काठोकाठ असायचा. साऱ्या बाजाराची मापं तपासणाऱ्या माणसानं अडतीस वर्षांत माझा कप कधी मोजून भरला नाही.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग खिशातून गुरुवारी शाई पुसलेलाच रुमाल काढून नाक शिंकरलं, त्यामुळे नाकही काळं झालं. म्हाताऱ्यानं ते दिसूनही सांगितलं नाही. सात ग्रॅमचा तेवढा हिशेब त्याला चुकता करायचा असावा.

"मोजून घ्या साहेब," पैसे घेताना म्हातारा म्हणाला. "सोळा."

"मोजायला नकोत," साहेब म्हणाले, आणि हे शब्द त्यांच्या तोंडून निघाल्याचं ऐकून ते स्वतःच दचकले.

घरी आल्यावर त्यांनी आधी पक्कड काढली. प्रिंटरभोवती तार गुंडाळली, शिशाची गोळी ओवली आणि दाबून सील मारलं. वर पुठ्ठा लटकवला. 'जप्त. निव्वळ वजनात दहातले चार कमी. यंत्र उघडू नये.' सही, तारीख, हुद्दा आणि हुद्द्यापुढं कंसात 'निवृत्त'. संध्याकाळी कंपनीचा निरोप आला, 'आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी किती तारे द्याल?' साहेबांनी उत्तर पाठवलं, 'तीन. तुमच्याच मापानं पाचातले दोन दर्जासाठी राखून ठेवले आहेत. उरलेले तीन तुम्हाला वापरता येणार नाहीत.'

रविवारी मेट्रनबाईंनी मोठ्या अक्षरातली प्रत मांडीवर घेतली आणि बोटानं ओळ धरून, मोठ्यानं वाचत सगळ्यांना ऐकवली. बाविसाव्या पानावर एकोणीस सिस्टरांनी एकदम साहेबांकडे वळून बघितलं. साहेब सीलबंद प्रिंटरशेजारी उभे होते, काळे हात पाठीमागे घेऊन.

सगळ्या गेल्यावर बाई खुर्चीत टेकल्या. साहेबांनी चहा आणून दिला.

"वाचलंत म्हणे," बाई म्हणाल्या.

"हो. चांगलं आहे. पण बाविसाव्या पानावर एक चूक आहे."

"कुठली?"

"अडतीस वर्षं लिहिलंयस. पस्तीस हवं. तुझ्या नोकरीची पहिली तीन वर्षं आपलं लग्न कुठं झालं होतं?"

बाईंनी कप उचलला. तो इतका भरलेला होता की बशीत सांडला.

"आणि त्या तीन वर्षांत," त्या म्हणाल्या, "इस्पितळाच्या फाटकाशी रोज सकाळी थर्मास घेऊन कोण उभं राहायचं?"

 साहेब बशीत सांडलेला चहा पुसायला फडकं आणायला गेले.